खुनी कोण ते लिहू नये, एवढाच आमचा नियम होता

(आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र)

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात देवघेव विभागाच्या फळ्यावर आपली सूचना लागली. टाचणीने लावलेला अर्धा कागद, खाली वाचनालयाचा शिक्का. वाचकांची अभिप्राय वही बंद, गुरुवारचं दुपारचं वाचन बंद, रहस्यकथांची नवी खरेदी बंद, आणि जुन्या रहस्यकथांचं निर्लेखन, म्हणजे दाखल्यातून नाव कमी करून पुस्तक काढून टाकणं. चार ओळींत चार गोष्टी मिटल्या. कारण म्हणून ‘खाद्यपदार्थ आणून वाचनालयाची शिस्त बिघडवणे’ हा ठपका, आणि शेवटी एक वाक्य: ‘वाचनालयाच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही.’

मी आजीव सभासद आहे. या सूचनेबद्दल दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच मिळाली. पोच म्हणजे उत्तर नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. पोस्टात पस्तीस वर्षं रजिस्टरच्या पोचपावत्या सही घेऊन फाडल्या आहेत मी. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. गावाचं आणि वाचनालयाचं नाव घालत नाही, कारण भांडण घरातलं आहे. पण अशी सूचना इतर गावांतल्या फळ्यांवरही लागू शकते, तेव्हा तिथल्या वाचकांनीही हे वाचलं तर बरं.

आधी आमच्या चुका सांगते, म्हणजे तुमचं काम हलकं होईल.

गुरुवारच्या वाचनाला एकदा केक आणला गेला. कुकरमध्ये केलेला, चॉकलेटचा. त्याचे कण टेबलावर सांडले, दुसऱ्या दिवशी मुंग्या झाल्या आणि मुंग्यांनी संदर्भग्रंथांच्या कपाटाकडे मोर्चा नेला. हे खरं आहे. वहीत एका वाचकाने पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलं, तेही खरं. ते पान आम्हीच चिकटवून टाकलं. आणि ‘मंडळाची बैठक कधी होते हेच खरं रहस्य आहे’ असं कोणीतरी निळ्या शाईने लिहिलं. अक्षर मला ओळखता येतं. पत्ते वाचण्यात आयुष्य गेलं माझं. पण नाव सांगणार नाही.

एवढ्या तीन गुन्ह्यांसाठी वही जप्त झाली. आता त्या वहीत बाकी काय होतं, ते सांगायला हवं, कारण ती उघडून वाचली असती तर ही सूचना निघाली नसती असं मला अजूनही वाटतं.

मागच्या पावसाळ्यात गुरुवारी दुपारी आम्ही अगाथा ख्रिस्ती यांची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही कादंबरी वाचली. 1950 साली आलेली. वाचनालयात इंग्रजी प्रत होती, पाठीचा कणा सुटलेली. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या बाई, एकेक प्रकरण घरी वाचून यायच्या आणि इथे मराठीत सांगायच्या. आठ-दहा बायका, दोन-तीन पुरुष. पैकी एक निवृत्त फौजदार.

गोष्ट एका इंग्रजी खेड्यातली. चिपिंग क्लेगहॉर्न नावाचं कल्पित गाव. शुक्रवारी सकाळी स्थानिक साप्ताहिकात छोटी जाहिरात येते: आज संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी हीच सूचना समजावी. त्या घरच्या बाईंना स्वतःलाच याची कल्पना नसते. तरी संध्याकाळ झाली तशी सगळं गाव काही ना काही निमित्त काढून दारात हजर. सहज इकडून चाललो होतो, म्हटलं डोकवावं. जाहिरातीबद्दल कोणी आधी बोलत नाही. साडेसहाला दिवे जातात, दार उघडतं, गोळ्या सुटतात. दिवे येतात तेव्हा एक माणूस मेलेला असतो.

आमच्याकडे या प्रकरणावर जे हसू झालं ते संदर्भ विभागापर्यंत ऐकू गेलं असेल, त्याचीही माफी. पण का हसलो ते सांगते. आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकातल्या जाहीर नोटिसा इथे काउंटरवर सगळ्यात आधी कोण वाचतं? कोणाच्या सातबाऱ्यावर हरकत आली, कोणी नाव बदललं, कोणाचं कुलमुखत्यारपत्र रद्द झालं. अग्रलेखाआधी ते पान उलगडलं जातं. आणि मग संध्याकाळी त्या घरावरून ‘सहज’ कोण कोण जातं? इंग्लंडातल्या खेड्याची गोष्ट आम्हाला कळायला एक मिनिट लागलं नाही.

या बैठकींनंतर ज्याला जे वाटलं ते त्याने वहीत लिहिलं. नियम एकच: खुनी कोण ते लिहू नये.

फौजदारसाहेबांनी दीड पान लिहिलं. घटनास्थळाचा पंचनामा नीट नाही, साक्षीदार एकमेकांशी बोलत हिंडतात, आणि एक म्हातारी पाहुणी तपासात लुडबुड करते तरी इन्स्पेक्टर तिला चहा पाजतो, हे त्यांना अजिबात पटलं नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘आधार कार्ड असते तर कादंबरी चाळीस पानांत आटोपली असती.’ हसण्यावारी नेऊ नका. पुस्तकातला इन्स्पेक्टर हेच म्हणतो. लढाईनंतरच्या इंग्लंडात रेशन पुस्तकं होती, ओळखपत्रं होती, पण त्यांवर फोटो नव्हता, अंगठा नव्हता. कोणीही कोणीही असू शकत होतं. फौजदारांनी चेष्टेत नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

रेशनवरून तर आमचा एक अख्खा गुरुवार गेला. ब्रिटनमधलं रेशनिंग पुरतं संपायला 1954 उजाडलं. त्यामुळे या कादंबरीत लोणी, साखर असल्या गोष्टी शेजाऱ्यांत गुपचूप इकडच्या तिकडे होतात, आणि पोलिसांनी विचारलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. वहीत एका काकूंनी लिहिलं, ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलोच्या भाकरी खाल्ल्या. कोणाच्या घरी ज्वारी आहे हे वासावरून कळायचं आणि कोणी बोलायचं नाही. खुनाचं राहू दे, हे लोण्याचं मला खरं वाटलं.’ मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईंनी लिहिलेलं हे वाक्य आहे. असे काही मजकूर मी स्वतः माझ्या डायरीत उतरवून घेतले होते, म्हणून आज देऊ शकते. बाकीचं सगळं तुमच्या कुलपात आहे.

फौजदारांना न पटलेली ती म्हातारी पाहुणी म्हणजे मिस मार्पल, ख्रिस्तीबाईंची हौशी गुप्तहेर. तिचा एक विचार या पुस्तकात येतो. पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी नवीन आलं तर कोणाची तरी ओळख घेऊन यायचं. आता मोठी घरं विकली गेली, लोक कुठून कुठून येऊन राहिले, हिंदुस्थानातून, हाँगकाँगहून, आणि ते स्वतःबद्दल जे सांगतील तेवढंच आपल्याला माहीत. आमच्या शिक्षिका बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला माझं टपाल आठवलं. मी लागले तेव्हा पाकिटावर ‘पिंपळाजवळ, सुताराच्या शेजारी’ एवढंच लिहिलेलं पोचायचं. निवृत्त होताना फ्लॅट नंबर, विंग, मोबाइल, सगळं असूनही पोस्टमन दारात उभा राहून विचारायचा, हे कोण? मी वहीत हेच लिहिलं, जरा फुशारकीने. मला वाटलं, मार्पलबाईंची आणि माझी बाजू एक.

पुढच्या गुरुवारी माझ्या मजकुराखाली दुसऱ्या अक्षरात एक मजकूर होता. कोयनेच्या धरणात गाव गेलेल्या एका बाईंचा. लहान असताना आईवडिलांबरोबर इकडे आल्या, वसाहतीत वाढल्या, इथेच लग्न झालं. त्यांनी लिहिलं होतं:

‘पोस्टातल्या ताई म्हणतात, आधी सगळे सगळ्यांना ओळखत होते. आम्हाला नव्हते ओळखत. आम्ही आलो तेव्हा आम्ही पण स्वतःबद्दल सांगू तेवढंच होतो. वीस वर्षं आम्हाला धरणवाले म्हणाले. विहिरीवर काही हरवलं की आधी आमच्याकडे बघायचे. या पुस्तकात ती मिट्झी आहे ना, तिला सगळे खोटारडी म्हणतात. मला बाकी कोणाचं वाचायचं नव्हतं, तिचंच ऐकायला येत होते.’

मिट्झी म्हणजे त्या घरातली स्वयंपाकीण. लढाईत होरपळून युरोपातून पळून आलेली निर्वासित. ती सारखी ओरडते, घाबरते, आपल्या घरच्यांना कसं मारलं ते सांगते, आणि सगळे, खुद्द लेखिकासुद्धा, तिच्यावर हसतात. आम्हीही हसलो होतो. तो केक तिचाच. पुस्तकात ती वाढदिवसाला एक चॉकलेट केक करते, त्याचं नावच ‘डिलिशस डेथ’. आमच्यात ‘मरणाचा केक’ म्हणून प्रसिद्ध झाला. तो कुकरमध्ये करून कोणी आणला होता, हे आता सांगायला हरकत नाही. त्याच बाईंनी. आपल्या सूचनेत ‘खाद्यपदार्थ आणून वाचनालयाची शिस्त बिघडवणे’ असा जो उल्लेख आहे, तो या केकचा आहे.

त्या मजकुरानंतर मी माझी पुरवणी लिहिली. मार्पलबाईंचं म्हणणं मला आता तितकं गोड लागत नाही, असं. त्याखाली शिक्षिका बाईंनी लिहिलं की लेखिकेने मिट्झीला शेवटी धाडसाचं एक काम दिलं आहे, पण ते भरपाईसारखं वाटतं. त्यावर एका कॉलेजच्या मुलीने लिहिलं की भरपाई तरी मिळाली. असं चार पानं चाललं होतं. एका कादंबरीवरून गावातल्या माणसांनी एकमेकांना साठ वर्षांत न विचारलेल्या गोष्टी विचारल्या. आमने-सामने कोणी विचारलं नसतं. वही होती म्हणून झालं.

माझी पहिली तक्रार ही, की आपण ती वही न वाचता नेली. वाचून नेली असेल तर तक्रार अधिक मोठी आहे.

दुसरी तक्रार ‘हलके वाङ्मय’ या शब्दांबद्दल. सूचनेत ते नाहीत, पण कार्यवाहांनी मला तोंडी ऐकवले. सभासदांची रुची उंचावणे हे वाचनालयाचे काम आहे, असंही म्हणाले. साहेब, आपल्याकडच्या तीन कपाटांत बाबूराव अर्नाळकर आहेत. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांमागे धावत अक्षरं पक्की झालेली माणसं आज या गावात आजोबा आहेत. माझे वडील हमाली करायचे. त्यांना वाचनाचा नाद लागला तो या पुस्तकांनी, आणि त्यांनी मला बोटाला धरून या वाचनालयात आणलं ते त्या नादापायी. तेव्हा मी आजीव सभासद झाले याचं श्रेय, किंवा दोष, हलक्या वाङ्मयाचा आहे.

मी काही प्रत्येक रहस्यकथेची वकिली करत नाही. पुष्कळ टाकाऊ असतात. वर सांगितलेल्या ख्रिस्तीबाईंच्या पुस्तकातही पात्रांची गर्दी फार आहे. मला एस. टी.च्या तिकिटामागे नावं लिहून ठेवावी लागली, तरी कर्नल कोणाचा नवरा हे दोनदा चुकलं. योगायोग जास्त आहेत, असं कॉलेजच्या मुलीने वहीत स्पष्ट लिहिलं होतं आणि ते बरोबर आहे. उलट कोंबड्या पाळून एकत्र राहणाऱ्या दोन मैत्रिणींची मैत्री पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट आहे, असं फौजदारसाहेबांनी लिहिलं. त्यांच्याकडून मला ते अपेक्षित नव्हतं. रुची उंचावते ती अशीच ना? की फक्त वरच्या फळीवरची पुस्तकं काढून दिली म्हणजे?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा फोटो आपल्या दर्शनी भिंतीवर आहे. दर 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण त्याला हार घालतो. त्यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातली पहिली तीन फोटोखालीच रंगवलेली आहेत: पुस्तके वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. भिंत रंगवायला काढणार असाल तर तेवढं सांगा.

तिसरी तक्रार निर्लेखनाची. जी पुस्तकं वाळवीने खाल्ली, पानं गळाली, ती काढावीच लागतात. जागा कमी आहे हेही दिसतं. पण मागच्या शनिवारी जिन्याखाली सुतळीने बांधलेले गठ्ठे मी पाहिले. वरच्या गठ्ठ्यातलं पहिलं पुस्तक उघडलं, तर मागच्या तारीखपट्टीवर याच वर्षाचे चार शिक्के. चार वाचकांनी या वर्षात नेलेलं पुस्तक निरुपयोगी कसं? निर्लेखनाची यादी कोणी केली, दाखलनोंदवहीशी ताडून पाहिली का, कोणत्या बैठकीत ठराव झाला, हे कोणत्याही फळ्यावर नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालापासून आहे, आणि आपण त्याखाली अनुदान घेतो. ती पुस्तकं जनतेच्या पैशाची आणि आमच्या वर्गणीची आहेत. रद्दीचा भाव किलोवर ठरतो. पुस्तकाचा तसा ठरत नाही.

चौथी गोष्ट मी तक्रार म्हणून मांडत नाही. गुरुवारी दुपारचा हॉल स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिकेसाठी हवा आहे. त्यांना जागा मिळालीच पाहिजे. घरी दोन खोल्यांत सहा माणसं असताना पोराने अभ्यास कुठे करायचा? आम्ही आठवड्यातले दोन तास घेत होतो, तेही आमच्या हसण्यासकट. आम्ही मागच्या व्हरांड्यात बसू. फक्त बसू नका असं म्हणू नका.

पाचवी मात्र मला सगळ्यात जास्त लागली. आमच्या ग्रंथपाल मॅडमना वहीबद्दल लेखी खुलासा मागितला, असं कळलं. त्यांनी काय केलं? शंभर पानी वही स्वतःच्या पैशांनी आणली, दोरीने पेन बांधलं, आणि वाचकांना म्हणाल्या, लिहा. त्यांचा पगार किती आणि तो किती महिने उशिरा होतो, हे मंडळाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. केकचा खुलासा हवा असेल तर माझ्याकडे मागा. मी दोन तुकडे खाल्ले.

आता मागण्या. थोड्या आहेत.

वही परत द्या. ती वाचकांची आहे. खुन्याचं नाव असलेलं पान तसंच चिकटलेलं राहील याची हमी आम्ही देतो. मंडळावरची टीका खोडायची असेल तर मंडळाने त्याखाली उत्तर लिहावं. पेन दोरीला आहेच.

जिन्याखालचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका. निर्लेखनाची यादी पंधरा दिवस फळ्यावर लावा. ज्या पुस्तकावर गेल्या तीन वर्षांतला एक जरी शिक्का आहे ते कपाटात परत जावं. जे खरोखर फाटलं आहे ते बांधून घेण्याचा खर्च आम्ही गुरुवारचे लोक वर्गणी काढून देतो, हे लेखी घ्या.

ग्रंथपाल मॅडमकडून मागितलेला खुलासा लेखी मागे घ्या.

गुरुवारचं वाचन व्हरांड्यात सुरू राहू द्या. कोरडा खाऊ बाहेर, पायऱ्यांवर. मुंग्यांची जबाबदारी आमची.

आणि रहस्यकथांच्या खरेदीवर सरसकट बंदी नको. वर्षाला दहा घ्या, पाच घ्या, पण कोणती ते वहीत वाचकांना विचारून घ्या. त्या कादंबरीनंतर काय वाचायचं यावर आमची मतमोजणी व्हायची होती. ‘खेड्यातलाच खून हवा, शहरातला नको, शहरात कोण मेलं ते कोणाला कळतंय’ असं एका आजींचं मत शेवटच्या पानावर नोंदलेलं आहे. त्या पुढच्या महिन्यात ऐंशीच्या होतील. त्यांना फार दिवस थांबवू नका.

फळ्यावरच्या आपल्या दुसऱ्या सूचनेप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहा वाजता आहे. वेळ वाचून गुरुवारचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही येऊ, आणि ‘सहज इकडून चाललो होतो’ असं कोणी म्हणणार नाही. दिवे जाऊ नयेत म्हणून फौजदारसाहेब बॅटरी घेऊन येणार आहेत.

कळावे,

आपली,
आजीव सभासद, देवघेव विभाग
(गुरुवारच्या बैठकीतल्या सगळ्यांच्या वतीने)